छेद ठरला की निम्मं गणित सुटलं

संभाव्यतेचं गणित चुकतं तेव्हा बहुतेक वेळा आकडेमोड बरोबरच असते. सूत्र पाठ असतं, गुणाकार नीट असतो, तरी उत्तर भलतंच येतं. अकरावी-बारावीच्या वह्या चाळल्या तर चूक पुन्हा पुन्हा एकाच जागी सापडते, ती म्हणजे छेदात. एकूण कशांपैकी मोजायचं हे न ठरवताच मुलं अंश मोजायला लागलेली असतात. म्हणून इथे तीन गणितं सावकाश सोडवू आणि प्रत्येक वेळी आधी छेदाकडे बघू.

दोन नाणी, तीन की चार?

एक नाणं दोनदा फेकलं. किमान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती?

फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनी १७५४ साली विश्वकोशातल्या नोंदीत यावर असा विचार मांडला: पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसऱ्या फेकीची गरजच नाही. म्हणजे शक्यता तीनच. पहिल्यांदा छापा, पहिल्यांदा काटा आणि मग छापा, दोन्ही वेळा काटा. तिनांपैकी दोन अनुकूल, म्हणून उत्तर २/३.

शक्यता तीन आहेत हे खरं, पण त्या सारख्या वजनाच्या नाहीत. 'पहिल्यांदा छापा' ही शक्यता निम्म्या वेळा घडते, उरलेल्या दोन पाव-पाव वेळा. अंश भागिले छेद ही रीत लागू पडते ती निष्पत्ती समसंभाव्य असतील तेव्हाच. म्हणून नमुना अवकाश पूर्ण लिहायचा: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चारही निष्पत्ती समसंभाव्य आहेत, त्यातल्या तिनांत छापा आहे. उत्तर ३/४. एवढ्या मोठ्या गणितज्ञाची गल्लत झाली, तेव्हा नमुना अवकाश लिहून काढण्यात वेळ जातो असं कुणी मानू नये.

'किमान एकदा' दिसलं की उलट बाजूने मोजा

दुसरं गणित सतराव्या शतकातल्या फ्रान्समधलं. शेव्हालिए द मेरे यांनी ते पास्कालपुढे मांडलं आणि १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात ते आलं. एक फासा चार वेळा टाकून किमान एकदा सहा पाडायचे, ही पैज फायद्याची. मग दोन फासे चोवीस वेळा टाकून किमान एकदा दोन्हींवर सहा पाडायचे, ही पैजही तितकीच फायद्याची हवी ना? ६ ला ४, तर ३६ ला २४. प्रमाण तेच.

इथे पहिला मोह बेरजेचा होतो. एका फेकीत १/६, म्हणून चार फेकींत ४/६. ही बेरीज चुकीची आहे, आणि ते तपासायला सोपं आहे: सात फेकी घेतल्या तर ७/६ येतील, आणि संभाव्यता १ च्या वर जाऊच शकत नाही. दोनदा किंवा तीनदा सहा पडल्याच्या निष्पत्ती या बेरजेत अनेकदा मोजल्या जातात.

आता छेद. चार फेकींच्या एकूण निष्पत्ती ६ × ६ × ६ × ६ म्हणजे १,२९६. त्यातल्या 'किमान एक सहा' असलेल्या थेट मोजायच्या तर एकदा, दोनदा, तीनदा, चारदा असे चार प्रकार पाडावे लागतील. पूरक घटना मात्र एकाच प्रकारची आहे: एकदाही सहा नाही. प्रत्येक फेकीला पाच पर्याय, म्हणून ५ × ५ × ५ × ५ = ६२५. उरले १,२९६ − ६२५ = ६७१. उत्तर ६७१/१२९६, म्हणजे सुमारे ०.५१८. निम्म्याहून जरा जास्त.

दोन फाशांच्या पैजेत एका वेळी अपयशाची संभाव्यता ३५/३६. फेकी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, म्हणून गुणाकार चालतो. (३५/३६) चा २४ वा घात सुमारे ०.५०९ येतो, तेव्हा यशाची संभाव्यता सुमारे ०.४९१. निम्म्याहून जरा कमी. प्रमाण तेच राहूनही पैज तोट्यात जाते.

एकच अंश, तीन छेद

तिसरं गणित बारावीच्या तयारीत हमखास भेटतं. कारखान्यात अ, ब, क ही यंत्रं एकूण बोल्टांपैकी अनुक्रमे २५, ३५ आणि ४० टक्के बोल्ट तयार करतात. त्यांच्या मालात अनुक्रमे ५, ४ आणि २ टक्के बोल्ट सदोष निघतात. एक बोल्ट यादृच्छिक पद्धतीने उचलला, तो सदोष निघाला. तो ब यंत्राचा असण्याची संभाव्यता किती?

टक्केवारीत अडकण्यापेक्षा १०,००० बोल्ट समोर आहेत असं धरा.

अ: २,५०० बोल्ट, त्यात सदोष १२५
ब: ३,५०० बोल्ट, त्यात सदोष १४०
क: ४,००० बोल्ट, त्यात सदोष ८०

एकूण सदोष ३४५. ब यंत्राचे सदोष बोल्ट १४०, हा अंश पक्का. आता छेद बदलून बघा.

१४०/३५०० = ०.०४. बोल्ट ब यंत्राचा आहे हे माहीत असताना तो सदोष असण्याची ही संभाव्यता.

१४०/१०००० = ०.०१४. काहीच माहीत नसताना, उचललेला बोल्ट ब यंत्राचाही आणि सदोषही असण्याची ही संभाव्यता.

१४०/३४५ = २८/६९, सुमारे ०.४०६. बोल्ट सदोष आहे हे कळल्यावर तो ब यंत्राचा असण्याची ही संभाव्यता. आपल्याला विचारलं आहे ते हेच.

'सदोष निघाला' हे शब्द वाचताच ९,६५५ चांगले बोल्ट हिशेबातून बाद झाले आणि नमुना अवकाश ३४५ वर आला. सशर्त संभाव्यता ती हीच: अट नमुना अवकाश लहान करते. बेझचं प्रमेयही हाच हिशेब सूत्रात मांडतं. थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचा याविषयीचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने प्रसिद्धीस आणला. सूत्रातल्या छेदात जी लांबलचक बेरीज असते, ती इथल्या १२५ + १४० + ८० चीच आहे.

पडताळाही हातासरशी घ्या. अ साठी २५/६९, ब साठी २८/६९, क साठी १६/६९. बेरीज ६९/६९ म्हणजे १. सदोष बोल्ट तिघांपैकी कुणाचा तरी असणारच, म्हणून ही बेरीज १ यायलाच हवी. नाही आली, तर छेद पुन्हा तपासा.

सरासरीतही तेच

सांख्यिकीतही हीच सवय उपयोगी पडते. एका तुकडीत ४० मुलं, सरासरी गुण ६०; दुसरीत २० मुलं, सरासरी ७५. एकत्र सरासरी ६७.५ नव्हे. एकूण गुण २,४०० + १,५०० = ३,९००, मुलं ६०, सरासरी ६५. दोन सरासऱ्यांची बेरीज करून दोनाने भागलं, तर तुकड्या मोजल्या जातात. भागायचं आहे मुलांच्या संख्येने.

तेव्हा उत्तरपत्रिकेत सूत्राच्या आधी एक ओळ लिहीत जा: 'एकूण निष्पत्ती: …'. ती ओळ शब्दांत लिहिता येत नसेल, तर प्रश्न पुन्हा वाचायला हवा. सवय व्हावी म्हणून वरच्याच कारखान्याचा हा प्रश्न सोडवून पाहा: उचललेला बोल्ट चांगला निघाला, तर तो क यंत्राचा असण्याची संभाव्यता किती? छेद ९,६५५, अंश ३,९२०. हे दोन आकडे कुठून आले ते स्वतःला नीट सांगता आलं, की सशर्त संभाव्यता समजली.