ठेकेदाराचं काम, मालकाचा परवाना

घर बांधायला काढलं की पहिली चौकशी होते ती दराची. चौरस फुटाला किती, मटेरियलसकट की नुसत्या मजुरीवर, सळई कोणत्या कंपनीची. ठेकेदाराने आधी बांधलेली एक-दोन घरं पाहिली जातात, पण त्यातही नजर असते गिलाव्यावर आणि फरशीच्या लेव्हलवर. त्या घरांना भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळालं का, हे सहसा कुणी विचारत नाही. ज्यांना विचारावंसं वाटतं, त्यांच्याही डोक्यात काही समजुती घट्ट बसलेल्या असतात.

त्यातली सर्वांत मोठी म्हणजे, एखाद्या सरकारी संकेतस्थळावर नाव टाकलं की ठेकेदाराची कुंडली निघते. परदेशातला भाऊ किंवा मेहुणा हे खात्रीने सांगतो आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं. कॅलिफोर्नियात राज्याचं मंडळ ठेकेदारांना परवाना देतं. क्रमांक टाकला की परवाना चालू आहे की निलंबित, ते कळतं. आपल्याकडे मांडणीच वेगळी आहे. महाराष्ट्रात बांधकाम परवानगी निघते ती मालकाच्या नावाने, आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत. ठेकेदाराच्या नावाने ती शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. खासगी घरं बांधणाऱ्यांसाठी राज्याचा वेगळा परवानाही नाही. ‘आपण पीडब्ल्यूडीचे रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्टर आहोत’ हे ऐकायला भारदस्त वाटतं, पण ती नोंदणी सरकारी कामांसाठी असते. तुमच्या बंगल्याला तिचा उपयोग नाही. (वायरिंगचं तेवढं वेगळं. तिथे परवाना लागतो, तो मागून बघावा.)

म्हणून नावाऐवजी पत्ते मागायचे. गेल्या चार-पाच वर्षांत बांधलेल्या घरांचे, तेही त्याने निवडून दिलेल्या दोनांचे नव्हे, सगळ्यांचे. मग त्या मालकांकडे जाऊन बसायचं. प्रारंभ प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा बहुतेकांकडे फाइलमध्ये असतो. खरी गंमत पुढच्या दोन कागदांत आहे: जोते तपासणी आणि भोगवटा.

जोत्यापर्यंत काम आलं की पालिकेला कळवायचं असतं. चारही बाजूंना सोडायची जागा नकाशाप्रमाणे सुटली आहे की नाही, हे तपासून झालं की वरचं काम. ठेकेदाराची सवय इथेच उघडी पडते. सेंट्रिंगवाला मोकळा आहे, पाऊस तोंडावर आहे, ‘तपासणी नंतर होईल हो’ म्हणून तो कॉलम चढवतो. लाइन फूटभर सरकली असेल तर तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. भोगवट्याच्या वेळी टेप लागते, तोवर स्लॅब पडलेला असतो.

‘ओसी यायचंय अजून’ हे उत्तर एका घरी मिळालं तर विशेष नाही. ओळीने तीन घरी मिळालं तर जरा थांबावं. पण लगेच ठेकेदारालाच दोषी धरू नये. बऱ्याचदा मालकच मध्ये म्हणतो, बाजूची जागा रिकामीच आहे, तिथे एक खोली काढून टाका. त्यामुळे ओसी का अडलं आणि तो बदल कुणी सुचवला, हे दोन्ही विचारावं. मालक कागद दाखवायला राजी नसेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहे. कायद्यात उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. चालू साइटवर तर तेवढंही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 च्या निकालात बांधकाम चालू असेतोवर मंजूर नकाशा साइटवर लावून ठेवायला सांगितलं आहे. जाऊन बघायचं, लावलाय का.

‘महारेरावर आहे ना, मग झालं’ ही दुसरी समजूत. विक्रीसाठीच्या प्रकल्पांची तिथे नोंदणी होते; जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असल्या तर तीही लागत नाही. स्वतःच्या प्लॉटवरचं स्वतःचं घर त्यात येतच नाही. शिवाय नोंदणी क्रमांक म्हणजे परवानगी खरीच, असंही नाही. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले गेले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2024 मध्ये त्या इमारती पाडण्याचा आदेश झाला. परवानगी खरी की खोटी, हे ती देणाऱ्या कार्यालयातच कळतं. जावक क्रमांक घेऊन नगररचना विभागात जायचं आणि विचारायचं.

घरपट्टीची पावती पुढे करणारेही भेटतात. ‘टॅक्स लागलाय म्हणजे अधिकृतच.’ महापालिका अधिनियमात विनापरवाना बांधकामावर करासोबत शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद आहे, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हेही तिथेच लिहिलंय. लाइट बिलाचंही तेच.

आणि मग ते लाडकं वाक्य: ‘पालिकेचं टेन्शन घेऊ नका, ते मी बघतो.’ नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 52 नुसार विनापरवाना बांधकाम करणारा, स्वतःसाठी करो की दुसऱ्याच्या सांगण्यावरून, शिक्षेला पात्र आहे; कैद तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. म्हणजे ठेकेदारही सुटत नाही. पण तोडायची नोटीस लागते ती तुमच्या भिंतीला, त्याच्या नव्हे.

करारात एक ओळ घालून ठेवता येते: शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावर. या ओळीवर काही ठेकेदार उठून जातात. काही मान्य करतात आणि उलट अट घालतात, की मग तुम्हीही मध्येच खोली वाढवायला सांगायचं नाही. ती अट रास्त आहे, लिहून द्यावी.