ग्रंथालयप्रणालीच्या गरजांचा पूर्वविचार

ऑनलाइन ग्रंथालयप्रणाली घेण्यापूर्वी तिच्याकडून नेमके काय हवे, हे संग्रह पाहूनच ठरविले पाहिजे. वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथील जैन शास्त्रभांडारांचे उदाहरण घ्यावे. तेथील पोथ्यांचाही आधार घेऊन प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य ‘जसहरचरिउ’ कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. अपभ्रंशात कवीचे नाव ‘पुप्फयंत’ असे येते. वाचक मात्र ‘पुष्पदंत’ आणि ‘यशोधरचरित’ हेच शब्द देणार. ही रूपे मूळ नोंदीशी जोडलेली नसतील, तर पोथी कपाटात असूनही हरवलीच. वादिराजाचे संस्कृत ‘यशोधरचरित’ अर्थात निराळे दिसले पाहिजे. शिवाय एकत्र बांधलेल्या गुटक्यात कित्येकदा अनेक कृती असतात, आणि दाखलअंक एकच! यास्तव कृतीची नोंद व प्रतीची नोंद पृथक् ठेवण्याची सोय आधी मागावी; देवघेवीचा हिशेब बहुतेक प्रणाली ठेवतातच.