एक कार्ड, हजार साड्या

‘क्लास’ म्हटलं की आपल्या घरांत पहिल्यांदा ट्यूशनचाच क्लास आठवतो. कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलामुलींना मात्र हा शब्द वेगळ्या कारणाने छळतो. ‘क्लास’, ‘ऑब्जेक्ट’, ‘इनहेरिटन्स’, ‘एनकॅप्सुलेशन’, ‘पॉलिमॉर्फिझम’. गुजरात बोर्डाच्या बारावीच्या संगणक विषयात जावाच्या निमित्ताने हे शब्द अनेकांनी वाचले असतील. व्याख्या पाठ होतात, परीक्षेत मार्कही मिळतात. पण ‘याचा उपयोग काय?’ असं विचारलं, तर बहुतेक जण गप्प होतात.

माझी भाचीही त्यातलीच. बीसीएच्या पहिल्या वर्षाला तिला पायथन आलं आणि पहिल्याच सुट्टीत तिने पप्पांच्या दुकानासाठी मालाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. माझे दाजी उधन्याला साड्यांचं छोटं दुकान चालवतात. त्याआधी बारा वर्षं ते जेकार्डच्या खात्यात कारागीर होते. शिक्षण सातवीपर्यंत. पोरीने दुकानासाठी काहीतरी केलं याचं त्यांना कोण कौतुक!

एकदा ते लग्नासाठी अमळनेरला गेले होते. मागे दुकानात अठ्ठेचाळीस साड्यांचा नवा माल आला. भाचीने प्रत्येक साडीची नोंद केली. एका साडीत बाण्याचा धागा तुटल्याची रेघ दिसली, ती त्या साडीपुढे ‘दोष’ म्हणून लिहिली आणि यादी पप्पांना व्हॉट्सॅपवर पाठवली. यादीत अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस साड्यांपुढे ‘बाण्यात दोष’ आलेलं होतं. तिने यादी न वाचताच पाठवली होती. दाजींनी तिकडून व्यापाऱ्याला फोन लावला, चार शब्द जास्तच बोलले आणि अख्खा माल परत न्यायला सांगितला. त्यांचा माणूस टेम्पो घेऊन आला, गठ्ठे सोडले, तर खराब साडी एकच! आपल्या बाजारात निम्मा धंदा जबानीवर आणि उधारीवर चालतो. दाजींना सुरतेला परतल्यावर स्वतः जाऊन माफी मागावी लागली.

चूक कुठे होती?

त्या रात्री आम्ही तिघं लॅपटॉप घेऊन बसलो. भाचीच्या प्रोग्रॅमचा सुरुवातीचा भाग साधारण असा होता. (कोडमधले ‘क्लास’, ‘डेफ’ असे पायथनचे स्वतःचे शब्द इंग्रजी अक्षरांतच टाइप करावे लागतात. इथे वाचायच्या सोयीसाठी सगळं देवनागरीत लिहिलं आहे.)

क्लास साडी:
    लांबी = ६.३०
    दोष = []

    डेफ __इनिट__(सेल्फ, डिझाइन, रंग, भाव):
        सेल्फ.डिझाइन = डिझाइन
        सेल्फ.रंग = रंग
        सेल्फ.भाव = भाव

    डेफ दोष_नोंदव(सेल्फ, काय):
        सेल्फ.दोष.अपेंड(काय)

भाची मला समजावू लागली, ‘मामा, क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेली वस्तू.’ दाजी शेजारी चहा घेत ऐकत होते. त्यांनी विचारलं, ‘म्हणजे जेकार्डचं कार्ड आणि त्यावर विणलेली साडी, असंच ना?’

अगदी तसंच. जेकार्ड मशीन ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून त्यांची माळ करतात. बाण्याच्या प्रत्येक फेकीला एक पट्टी पुढे येते. जिथे भोक असेल तिथला हूक वर उचलला जातो, त्यासोबत ताण्याचा धागा उठतो आणि बाणा त्याखालून जातो. जिथे भोक नाही, तिथला धागा खालीच राहतो. फूल, वेल, कोयरी, सगळी नक्षी या भोकांत साठवलेली असते. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जाकार याने १८०४ मध्ये हे यंत्र तयार केलं. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी अशीच कार्डं वापरायचं ठरवलं होतं. सुरतेतही आता बऱ्याच ठिकाणी पुठ्ठ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले आहेत. कार्डाची जागा फाइलने घेतली, तत्त्व तेच राहिलं.

कार्ड म्हणजे साडी नव्हे. कार्ड नेसता येत नाही, त्याला भाव लागत नाही, त्यावर डाग पडत नाही. पण एकाच कार्डावर हजार साड्या निघतात आणि त्यातली प्रत्येक साडी वेगळी असते. एक लाल, एक मोरपंखी, एक विकली गेलेली, एक परत आलेली. पायथनच्या भाषेत कार्ड म्हणजे क्लास आणि प्रत्येक साडी म्हणजे ऑब्जेक्ट. कोडमधलं ‘सेल्फ’ म्हणजे ‘ही, माझ्या हातातली साडी’. ‘इनिट’ म्हणजे नवी साडी मागावरून उतरल्यावर तिच्यावर लावायची चिठ्ठी: डिझाइन कोणतं, रंग कोणता, भाव किती.

मग दाजींनी दुसरा प्रश्न विचारला आणि गाठ सुटली. ‘कार्डात भोक चुकलं तर सगळ्या साड्यांत चूक येते. विणताना धागा तुटला तर एकाच साडीत. तू दोष कुठे लिहिलास? कार्डावर की साडीवर?’

भाचीने स्क्रीनकडे पाहिलं. ‘दोष = []’ ही ओळ ‘इनिट’च्या बाहेर, म्हणजे थेट क्लासमध्ये होती. त्यामुळे दोषांची यादी एकच तयार झाली होती आणि अठ्ठेचाळीस साड्या तीच यादी वापरत होत्या. एकीच्या नावे लिहिलं की सगळ्यांच्या नावे दिसणारच. दुरुस्ती एका ओळीची होती. ती ओळ तिथून काढायची आणि ‘इनिट’च्या आत ‘सेल्फ.दोष = []’ असं लिहायचं. आता प्रत्येक साडी जन्मतःच स्वतःची कोरी यादी घेऊन येते.

‘लांबी = ६.३०’ मात्र तिथेच राहू दिली. ब्लाउज पीस धरून सहा मीटर तीसचा कट या मालात सगळ्या साड्यांना सारखाच. तो कार्डावरच शोभतो.

पायथन शिकणारे जगभरचे विद्यार्थी या खड्ड्यात कधी ना कधी पडतात, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही. भाषा घडवणाऱ्यांनीही यावर उपाय केला आहे. २०१८ मध्ये आलेल्या पायथन ३.७ मध्ये ‘डेटाक्लास’ नावाची सोय मिळाली. त्यात रकान्यांची नावं आणि प्रकार लिहिले की ‘इनिट’ आपोआप तयार होतं. आणि एखाद्या रकान्यासाठी तुम्ही ‘= []’ अशी सामाईक यादी द्यायला गेलात, तर पायथन प्रोग्रॅम चालू न करता तिथेच एरर दाखवतं. भाचीने त्या दिवशी डेटाक्लास वापरला असता, तर दाजींचा तो फोन वाचला असता.

नवशिक्यांची भाषा मोठी कशी झाली

आपल्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरचा कोर्स केला, त्यांना बेसिक आठवत असेल. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी ती भाषा खास नवशिक्यांसाठी तयार केली. ओळीला नंबर द्यायचा आणि ‘गोटू’ म्हणून इकडून तिकडे उडी मारायची. छोट्या कामाला ती छान होती. प्रोग्रॅम वाढला की मात्र गुंता व्हायचा, कारण साडीचा भाव एकीकडे, शिल्लक दुसरीकडे आणि हिशेब तिसरीकडे.

वस्तू आणि तिची कामं एका ठिकाणी बांधायची कल्पना तोवर नॉर्वेत आकाराला येत होती. ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगोर यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट पहिल्यांदा आले. या कामासाठी दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण पुढची अनेक वर्षं ‘ऑब्जेक्ट’ हा मोठ्यांचा विषय आणि ‘बेसिक’ हा लहानांचा, अशीच विभागणी राहिली. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकलासुद्धा पूर्ण इनहेरिटन्स मिळायला २००२ साल उजाडलं.

पायथनने ही भिंत सुरुवातीपासूनच ठेवली नाही. खीदो फान रोसम हे ॲमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेत ‘एबीसी’ नावाच्या, नवशिक्यांसाठी केलेल्या भाषेवर काम करत होते. त्या अनुभवातून त्यांनी १९८९ च्या डिसेंबरात पायथन लिहायला घेतलं. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती बाहेर आली तेव्हा त्यात क्लास होतेच, पण त्यांची सक्ती नव्हती. एका ओळीत ‘नमस्कार’ छापता येतो आणि गरज पडेल त्या दिवशी क्लास लिहिता येतो. जावामध्ये याच्या उलट होतं. ‘नमस्कार’ छापायलाही आधी क्लास लिहा! सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ ने नवशिक्यांसाठी ही अट सैल केली.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. २००८ च्या पायथन ३ पासून आपण देत असलेली नावं देवनागरीत लिहिता येतात. क्लासचं नाव ‘साडी’ आणि कामाचं नाव ‘दोष_नोंदव’ असं खरोखर चालतं. आकडे मात्र कोडमध्ये इंग्रजीतच लिहायचे. आपल्या शहरात महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. तिथून पुढे आलेल्या मुलाला इंग्रजी नावांची धास्ती वाटत असेल, तर पहिला प्रोग्रॅम त्याने मराठी नावांनी लिहावा. नोकरीत इंग्रजी नावं वापरावी लागतील, ती सवय नंतर होते.

बाकीचे तीन मोठे शब्द

इनहेरिटन्स म्हणजे वारसा. दुकानात साडी आहे, ड्रेस मटेरियल आहे. दोघांना डिझाइन नंबर, भाव आणि शिल्लक आहेच. म्हणून आधी ‘माल’ नावाचा क्लास करायचा आणि या सामाईक गोष्टी त्यात लिहायच्या. ‘साडी’ आणि ‘ड्रेस’ हे त्याचे वारस. साडीत फक्त फॉल-पिकोचं वाढवायचं आणि ड्रेसमध्ये दुपट्ट्याचं. तेच ते पुन्हा लिहायचं नाही.

पॉलिमॉर्फिझम म्हणजे हुकूम एकच, वागणं ज्याचं त्याचं. बिल करताना प्रोग्रॅम प्रत्येक वस्तूला म्हणतो, ‘तुझी किंमत सांग.’ साडी त्यात फॉल-पिको धरते, ड्रेस धरत नाही. वस्तू कोणत्या जातीची आहे, हे बिल करणाऱ्याला विचारावं लागत नाही.

एनकॅप्सुलेशन म्हणजे गल्ल्याची शिस्त. शिल्लक आकडा कुणीही परस्पर बदलायचा नाही. ‘विक्री’ किंवा ‘परत’ या कामांतूनच तो बदलला पाहिजे. काही भाषा यासाठी चक्क कुलूप लावतात. पायथनमध्ये नावाआधी एक अंडरस्कोर लावून ‘ही आतली गोष्ट आहे’ एवढीच खूण करतात. घरच्या गल्ल्याला कुलूप नसतं, तरी घरातलं कुणी त्यात हात घालत नाही, तसंच.

आणि एक सावधगिरी. नवं शिकलं म्हणून प्रत्येक गोष्टीचा क्लास करू नका. महिन्याच्या लाइटबिलांची बेरीज करायला साधी यादी पुरते. एकाच जातीच्या अनेक वस्तू असतील, प्रत्येकीची स्वतःची माहिती असेल आणि ती माहिती बदलणारी ठराविक कामं असतील, तेव्हा क्लास कामाला येतो.

घरी करून पाहा

गणेशोत्सवाची वर्गणी, आईची भिशी, बाबांच्या टेम्पोच्या फेऱ्या, यातलं काहीही एक घ्या. लॅपटॉप उघडण्याआधी कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे ‘कार्डावर’, म्हणजे सगळ्यांना सारखं, आणि उजवीकडे ‘साडीवर’, म्हणजे प्रत्येकाचं वेगळं. भिशीची दरमहाची रक्कम डावीकडे, कुणी किती हप्ते भरले ते उजवीकडे. हे रकाने भरताना घरच्यांना सोबत बसवा. कोड तुम्हाला येतो, पण वस्तू त्यांना जास्त माहीत आहेत.

भाचीचा प्रोग्रॅम आता व्यवस्थित चालतो. यादी पाठवण्याआधी ती एकदा वाचते. आणि तिने नवा रकाना वाढवायचं म्हटलं, की दाजी काउंटरवरूनच विचारतात, ‘कार्डावर की साडीवर?’