जुनी वस्तू काट्यावर चढवण्यापूर्वी

घर मोडले, वाटणी झाली किंवा माळा साफ करायला काढला की जुने सामान अंगणात येते. तांब्याचे घंगाळ, पितळी पानदान, सागवानी संदूक, दादीचा जरीचा शालू, दुकानातला लोखंडी गज. कामाचे तेवढे ठेवून बाकीचे भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. मूल, सावली, सिंदेवाही या भागातून असे सामान वर्षानुवर्षे बाहेर जात आले आहे. ते विकूच नये असे आमचे म्हणणे नाही. आम्ही स्वतः कापडाचे व्यापारी आहोत. माल विकण्यासाठीच असतो. परंतु काय विकतो आहोत हे समजून विकावे आणि ठेवण्याजोगे असेल ते घरात मानाने मांडावे, एवढ्यासाठी हा लेख.

दोन भाव

प्रत्येक जुन्या वस्तूला दोन भाव असतात. एक वजनाचा, दुसरा वस्तूचा. काट्यावर फक्त तांबे, पितळ किंवा चांदी मोजली जाते. तांबटाच्या हातोडीचे काम, नक्षी आणि वय यांना तिथे किंमत नाही. मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीटवरचे जुन्या वस्तूंचे दुकानदार याच फरकावर धंदा करतात. एकदा भट्टीत गेलेले पानदान पुन्हा पानदान होत नाही.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचा चष्म्याचा व्यवसाय होता. त्यांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, कुलपे, फण्या, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून उभे केले. १९७५ साली हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या वर वस्तू आहेत. त्यांपैकी कितीतरी वस्तू आपल्या माळ्यावरच्या वस्तूंच्याच जातीच्या आहेत. एका दुकानदाराची नजर काय करू शकते याचा हा दाखला आहे.

पारख कशी करावी

भांडे आधी उलटे करून पाहावे. खरोखर वापरलेल्या भांड्याचा तळ आणि कडी जिथे हात व जमीन लागते तिथेच झिजते. हातघडणीच्या भांड्यावर हातोडीचे ठोके थोडे कमी-जास्त असतात. औषध लावून जुना केलेला नवा माल सगळीकडे सारखाच काळवंडलेला दिसतो.

हैदराबादकडून आलेल्या बिदरीच्या वस्तू काही घरांत आढळतात. बिदरी जस्ताची असते, त्यात थोडे तांबे असते आणि नक्षी चांदीच्या तारेची. तिचा काळा रंग मातीच्या प्रक्रियेने आणलेला असतो. चिंच किंवा राख लावून ती घासली तर तो रंगच जातो. कोरड्या मऊ कापडाने पुसून खोबरेल तेलाचा हलका हात द्यावा, एवढे पुरे.

लाकडी पेटी किंवा कपाटाची आतली बाजू पाहावी. जुन्या कामात सांधे हाताने कापलेले व लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले असतात. नवे लाकूड रंगवून जुने केले असेल, तर खणाच्या तळाला बारीक ओरखडा दिल्यास आतला ताजा रंग दिसतो.

कापड हे आमचे क्षेत्र. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचे पाणी दिलेले असते. एक सुटा धागा खरवडावा. आत पांढरी चांदी दिसली तर जर खरी, तांबडे तांबे दिसले तर नकली. प्लॅस्टिकची जर जाळताच वितळते. खऱ्या जरीचा शालू घेणारे दारावर येतात. ते जाळून त्यातली चांदी काढतात आणि तेवढ्याच हिशेबाने पैसे देतात. जुनी पैठणी, औरंगाबादची हिमरू शाल किंवा नागभीड-आरमोरीकडचा जुना हातमागाचा कोसा अशा हिशेबात कधीही देऊ नये.

कायद्याची बाजू

आपला जिल्हा जंगलाचा आहे, म्हणून हा भाग विशेष ध्यानात ठेवावा. जुन्या घरांत सांबर-चितळाची शिंगे, कातडी, हस्तिदंती मुठी निघतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार यांचा व्यापार गुन्हा आहे. घरमालकाकडे मालकीचा दाखला असला तरी विक्री करता येत नाही. दाखला नसेल तर वस्तू बाळगणेही महागात पडते. पूर्ण माळ्याचा ठोक सौदा करणाऱ्या आपल्या भंगारवाल्या बंधूंनी प्रत्येक गाठोडे सोडून पाहावे. असे काही निघाल्यास हात न लावता घरमालकाला वनविभागाकडे पाठवावे.

दुसरा कायदाही १९७२ चाच, पुरावशेषांचा. शंभर वर्षांवरील कलाकुसरीची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरील महत्त्वाचे हस्तलिखित यात येते. अशा वस्तूंचा धंदा करण्यास परवाना लागतो. खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. दगडी, धातूच्या व लाकडी मूर्ती, चित्रे आणि सचित्र वा नक्षीदार हस्तलिखिते घरात असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. म्हणून हाताने लिहिलेला कुराण शरीफ, फारसी किताब किंवा सनद रद्दीत जाऊ देऊ नये.

शेतात किंवा पायात नाणी, दागिने सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. मोडलेल्या वाड्याचे सागवान गाडीत भरण्यापूर्वी वाहतूक परवान्याची चौकशी वनविभागात करावी. आणि खरेदी कोणतीही असो, विकणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख लिहून सही घ्यावी. चोरीचा माल ओळखीच्या माणसाकडूनही येतो.

घरात मांडणी

बैठकीत दहा वस्तू दाटीने ठेवल्या तर ते गोदाम दिसते. एका भिंतीला एक वस्तू पुरे. घंगाळात झाडाची कुंडी ठेवता येते, संदुकीचे बाकडे होते, दाराची कोरीव चौकट आरशाला लावता येते. मीटर-किलोची पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तेव्हा गज, शेर, अदशेर बाद झाले. ही मापे दुकानात गल्ल्यामागे शोभून दिसतात. मात्र त्यांवर माल मोजून देऊ नये, तो गुन्हा ठरेल.

जुने कापड उन्हासमोर टांगू नये. घडी घातल्यास जर घडीवरच तुटते, म्हणून ते मलमलीत घेऊन नळीवर गुंडाळावे. पावसाळा संपला की सावलीत हवा द्यावी आणि कसर लागली आहे का ते पाहावे. लाकूड भिंतीपासून चार बोटे दूर व जमिनीपासून उंच ठेवावे, म्हणजे वाळवी लवकर दिसते.

कारागिरांना काम

या शौकामागे रोजगारही आहे. कल्हईवाला, सुतार, पॉलिशवाला, रफूगर, कुलपे दुरुस्त करणारा या सर्वांचे हात त्याला लागतात. रफूचे चांगले काम जाणणारे हात आता थोडेच उरले आहेत. त्यांना घरातले एक काम दिले तरी त्यांचा हुन्नर मुलाच्या हाती जाण्याची आशा राहते. शंभर वर्षांच्या आतील साध्या घरगुती वस्तू दुरुस्त करून विकणे हा थोड्या भांडवलाचा धंदा आहे. त्यात एकच भांडवल मोठे लागते, ते म्हणजे भरवसा. नव्या मालाला जुना म्हणू नये आणि दुरुस्तीचा ऐब ग्राहकाला आधी दाखवावा. असा ग्राहक पुन्हा येतो.

माळा साफ करण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना अंगणात बसवावे आणि वस्तू कोणाची, कुठून आली, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. ही माहिती वस्तूचा भाव वाढवते, आणि ती देणारी माणसे कायमची आपल्यात नसतात. काटा नंतरही आणता येतो.