डीपीवरचा न दिसणारा भार

रब्बीत हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायची वेळ आली, की यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, पुसद, उमरखेडच्या शिवारांत एकाच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) साऱ्या मोटरी एकदम चालू होतात. व्होल्टेज पडतं. मग कधी मोटरीचं वाइंडिंग जळतं, कधी डीपीच जाते. ‘लोड वाढला’ म्हणून आपण विषय संपवतो. पण त्या लोडचा एक हिस्सा थेंबभरही पाणी उपसत नाही.

मोटर चालते चुंबकावर, आणि हे चुंबक लोखंडावर गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेत वीज सोडून तयार होतं. चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज उपजते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. त्याच सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्रीला आढळलं, की वेढ्यांतला प्रवाह बदलू लागला की ते वेढे स्वतःच त्या बदलाला विरोध करतात. हे स्वप्रवर्तन. ते मोजायचं एकक आज हेन्रीच्याच नावाने ओळखलं जातं. कापसाने भरलेली बैलगाडी लवकर हलत नाही आणि हलली की लवकर थांबत नाही, तसाच हा प्रवाह. मोटर बंद करताना स्टार्टरमध्ये ठिणगी उडते ती यामुळेच.

आपल्या विजेची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांनी बदलत असते. स्वप्रवर्तनामुळे मोटरीतला प्रवाह व्होल्टेजच्या मागे पडतो. चुंबक उभं करायला घेतलेली ऊर्जा क्षणात लाइनीकडे परत जाते, पुन्हा येते. युनिटमध्ये ती धरली जात नाही, पण तिच्या येण्याजाण्याने तार आणि डीपी तापतातच.

यावर उपाय कपॅसिटरचा. त्याच्यात प्रवाह व्होल्टेजच्या पुढे असतो. मोटर ऊर्जा परत टाकते तेव्हा तो ती घेतो, मोटरीला हवी तेव्हा देतो. हा सारा व्यवहार विहिरीवरच मिटतो. ५ एचपीच्या मोटरीचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खऱ्या कामाचा वाटा, ०.८ असेल, तर ती साधारण ८ अँपिअर ओढते. सुमारे २ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर ०.९५ झाला, की लाइनीवरचा प्रवाह ७ च्या आत येतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून त्या मोटरीपायी तारेत वाया जाणारी वीज जवळपास ३० टक्के घटते. एवढ्याशा डब्याकडून याहून जास्त काय मागायचं?

लाइन येताच मोटर आपोआप चालू करणाऱ्या ऑटो स्विचचं मात्र उलटं आहे, तो डीपीवरचा भार वाढवतो. लाइन गेली की स्टार्टरच्या कॉइलचं चुंबकत्व जातं आणि मोटर सुटते, ही मुद्दाम केलेली सोय. ऑटो स्विच ती मोडून काढतो. लाइन येताच सगळ्या मोटरी एकत्र उठतात, आणि उठताना प्रत्येक मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. रात्री-अपरात्री शेतात जाण्याचा त्रास खरा आहे, तरी डीपीला हा झटका सोसत नाही.

एकट्याने कपॅसिटर बसवून डीपी वाचणार नाही. हंगामाआधी एका डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून ते बसवून घ्यावेत, आणि तेही वायरमनकडूनच. लाइन बंद झाल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, त्याला उघड्या हाताने शिवू नका.