धरण भरावं की रिकामं ठेवावं?

मुलांनो, उद्या पाणी येणार नाही असं कळलं की घरात काय धांदल उडते! पिंप, बादल्या, कळशा, अगदी चहाचं पातेलंसुद्धा काठोकाठ भरलं जातं. आता समजा, त्याच रात्री धो धो पाऊस आला, छप्पर गळायला लागलं आणि गळती झेलायला घरात एकही रिकामी बादली उरली नाही, तर? धरण सांभाळणाऱ्या इंजिनिअरांपुढे दर पावसाळ्यात नेमका हाच पेच असतो, बरं का!

आधी आपल्या ठाकुर्लीच्या परिसराला पाणी कुठून येतं ते बघू. कल्याण-डोंबिवलीची तहान भागवते ती उल्हास नदी. गंमत म्हणजे तिच्यातलं थोडं पाणी खरं तर आपलं नव्हेच! मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. ही नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे तो पाऊस जायचा बंगालच्या उपसागरात. पण १९२२ सालापासून टाटांनी तो डोंगराच्या अलीकडे वळवला, कर्जतजवळच्या भिवपुरीला वीज तयार करण्यासाठी. जनित्रं फिरवून झालं की ते पाणी पेज नदीतून उल्हासेला येऊन मिळतं. आपल्या ठाकुर्लीतही १९२९ साली चोळ्याला रेल्वेचं वीजघर उभं राहिलं होतं, पण ते कोळशावर चालणारं.

दुसरा आधार बदलापूरजवळच्या बारवी धरणाचा. एमआयडीसीने ते १९७२ साली बांधलं. गावं वाढली, कारखाने वाढले, पाणी पुरेना, म्हणून धरणाची उंची वाढवावी लागली. २०१९ च्या पावसाळ्यात ते नव्या उंचीपर्यंत भरलं. त्यात आता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. 'मग आणखी उंच करा की!' असं तुम्ही म्हणाल. पण उंची वाढली की पाणी मागे पसरतं. मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, मोहघर, काचकोली अशा गावांतल्या लोकांना त्यासाठी घरं-शेतं सोडावी लागली. आपल्या एका बादलीमागे हेही आहे.

पावसाळा संपला की १५ ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे ते बघून हिशोब मांडतात. तेवढ्यावर थेट पुढच्या १५ जुलैपर्यंत निभवायचं. हिशोब चुकला तर काय होतं ते तुमच्या आईबाबांना विचारा. २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे आठवड्यातले काही दिवस नळ कोरडे असायचे.

आता हा हिशोब आणखी अवघड झालाय, कारण पाऊसच पहिल्यासारखा वागत नाही. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातल्या पावसाच्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढल्याचं त्यांना २०१७ साली दिसून आलं. अरबी समुद्र तापतो, वारे तिथून जास्त बाष्प उचलतात आणि ते दोन-चार दिवसांत ओतून मोकळे होतात. मधले कितीतरी दिवस कोरडे!

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. साचून राहिला असता तर तुमच्या जेवणाच्या टेबलाच्याही वर गेला असता. त्या दिवशी उल्हास बदलापूर-कल्याणात शिरली. २७ जुलै २०१९ ला तिच्याच पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवून आणावं लागलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बारवी धरण अडवतं ते फक्त बारवी नदीचं पाणी. खुद्द उल्हासेवर तिचा पूर पोटात घेईल असं मोठं धरण नाही.

मग निदान बारवीत तरी जुलैमध्ये थोडी जागा रिकामी ठेवावी का? ठेवली आणि ऑगस्ट कोरडा गेला तर पुढच्या मे महिन्यात लोक काय म्हणतील! बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात. माणूस झोपी गेला तरी ते चुकत नाहीत, हे उत्तमच. पण वेधशाळेचा पुढच्या चार दिवसांचा अंदाज वाचून ते आधीच उघडणार नाहीत. तो विचार माणसालाच करावा लागतो. हाताशी पंचांगही हवं! कारण भरतीच्या वेळी आपली खाडी वरून आलेलं पाणी आत घेत नाही, उलट मागे ढकलते. सोडायचंच तर ओहोटी साधून सोडलेलं बरं.

ऑगस्टमध्ये कधीतरी पेपरात 'बारवी भरलं' अशी बातमी येते. आपण म्हणतो, चला, वर्षाची चिंता मिटली! त्याच दिवशी बारवीकाठच्या गावांना सावध राहा असा निरोप गेलेला असतो, आणि तिथली माणसं गुरं सोडून उंचावर नेत असतात.