तारणाच्या रकान्यात न मावणारे भांडवल

बँकेत उमेदीची सगळी वर्षे कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. जमीन, इमारत, यंत्रे, शिल्लक माल, येणे बाकी. एवढे रकाने भरले की माणसाची पत ठरायची. त्याला काय येते, तो कुणाच्या हाताखाली शिकला, हे विचारणारा रकाना छापील अर्जात नव्हता. हल्ली शहरांच्या स्पर्धेवरच्या परिसंवादांत 'बौद्धिक भांडवल' हा भारदस्त शब्द कानावर पडतो. व्यवहार मात्र जुनाच आहे. कोल्हापूरच्या सिनेमाचे जमाखर्च मांडून पाहा.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले भाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये स्वतःच कॅमेरा तयार केला. गायिका तानीबाई कागलकरांनी पैसे दिले आणि 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली. आमच्या शाखेत हा अर्ज आला असता तर काय शेरा पडला असता, ते मी सांगायला नको!

तानीबाईंना जे दिसले ते त्या गावात दिसण्यासारखे होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. दरबारात अल्लादिया खाँ गात होते, आबालाल रहिमान चित्रे काढत होते. हुन्नर ओळखणारी नजर ही अशी गावभर मुरावी लागते.

पेंटरांचा कारखाना हीच शाळा होती. शांताराम तिथे पडेल ते काम करत शिकले. दामले, फत्तेलाल, धायबर हेही तिथलेच. हे चौघे १९२९ मध्ये बाहेर पडले, सीतारामपंत कुलकर्णींनी भांडवल घातले आणि 'प्रभात' सुरू झाली. ताळेबंदात दाखवता येईल ते सारे, म्हणजे स्टुडिओ, सामान, नाव, जुन्या कंपनीकडेच राहिले. ती त्यानंतर फार काळ तगली नाही. प्रभातने १९३२ मध्ये कोल्हापुरातच 'अयोध्येचा राजा' बोलता केला.

आणि १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. पुण्याहून मुंबई जवळ, शिवाय कॉलेजे, वृत्तपत्रे, लेखक हाताशी. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३६ मध्ये तिथे झाला, पुढच्या वर्षी व्हेनिसला वाखाणला गेला. शिक्षण कोल्हापूरचे, जमा पुण्याच्या खात्यात! कंपनी पुढे बंद पडली, पण तिच्याच जागेत १९६० मध्ये केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. कोल्हापूर काही हात जोडून बसले नाही. भालजी पेंढारकरांनी पुढे कित्येक वर्षे तिथे चित्रपट केले. तरी ज्या गावाने हा धंदा शिकवला, त्या गावाला ती संस्था मिळाली नाही, ही गोष्ट मला अजून खुपते.

उलट उद्यमनगरची फाउंड्री पाहा. तिथले ज्ञान चार भागीदारांच्या डोक्यात नाही. पॅटर्न करणारा, मोल्डर, टर्नर असे ते गल्लीगल्लीत वाटलेले आहे. एक कारखानदार रुसून गेला तर आपले यंत्र नेईल. शेजारच्या टर्नरचा हात कसा नेईल? माझ्या मते कोल्हापूरचा हा धंदा टिकला तो याच विखुरलेपणामुळे.

आता जिल्ह्याजिल्ह्यांतले पुढारी आयटी पार्क मागतात तेव्हा एकर मोजतात. आमचाच जुना फॉर्म भरल्यासारखे वाटते. पॅटर्न आता संगणकावर आखतात, ते बरेच झाले. पण मूठभर वाळू दाबून तिची ओल सांगणारा मोल्डर निवृत्त होतो, त्याच्या शेजारी उभे राहून ते कोण शिकते आहे, एवढे मला त्यांना विचारायचे आहे.